वहिवाट

मराठी भाषेने चालण्याच्या क्रियेवर जेवढा भार टाकला आहे, तेवढा दुसऱ्या एखाद्या क्रियेवर क्वचितच टाकला असेल. आपल्याकडे शाळा चालते, खटला चालतो, संसार चालतो, नाणे चालते, आजाऱ्याची नाडी चालते. संमती द्यायची झाली की आपण 'चालेल' म्हणतो आणि नकार द्यायचा झाला की 'चालणार नाही'. वाटेचेही तसेच. वाट पाहिली जाते, चुकते, अडते, लागते. कुणी कुणाच्या वाटेला जात नाही आणि कुणी आडवाटेला लागतो. ज्या समाजाची भाषा अशी पायांवर उभी आहे, त्या समाजाने शहरे उभारताना मात्र पायांची आठवण ठेवली नाही, हे विधान काही नवे नाही. तरीही गेल्या वर्षभरात ते आम्हाला अक्षर अक्षर लावून पुन्हा वाचावे लागले, आणि ते वाचून दाखवले आमच्याच वर्गातील एका विद्यार्थिनीने.

आम्ही म्हणजे एका महाविद्यालयाच्या मराठी विभागात शिकवणारे दोघे. शहराचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. महाराष्ट्रातील कोणतेही मध्यम शहर वाचकांनी डोळ्यांसमोर आणावे, तपशील फारसे बदलणार नाहीत. बसथांब्यापासून महाविद्यालयाच्या फाटकापर्यंतचे अंतर सहाशे-साडेसहाशे पावलांचे आहे. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आलेली ही मुलगी पूर्णतः दृष्टिहीन. वर्गातील तिचे प्रश्न असे असत, की आदल्या रात्री टिपणे पुन्हा उघडावी लागत. दिवाळीच्या सुट्टीआधी एके दिवशी ती विभागात आली आणि तिने विचारले, "मॅडम, मला उरलेले वर्ष बहिःस्थ म्हणून करता येईल का?"

अभ्यास जड जातो आहे का, घरची काही अडचण आहे का, असे जे प्रश्न अशा वेळी शिक्षक विचारतात ते आम्ही विचारले.

"नाही मॅडम. रस्ता जड जातोय."

हे उत्तर ऐकून काय बोलावे हे आम्हाला सुचले नाही. विद्यार्थी शिक्षण सोडतात याची कारणे आम्ही वीस वर्षे ऐकत आलो आहोत: फी, लग्न, नोकरी, शेती. पदव्युत्तर शिक्षण आणि एक मुलगी यांच्यामध्ये सहाशे पावलांचा फुटपाथ उभा राहू शकतो, ही नोंद आमच्या यादीत नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे तिच्याबरोबर थांब्यापासून चालत निघालो.

वाचकांनी अलीकडे नव्या केलेल्या पदपथांवर पिवळ्या फरशांचा एक पट्टा पाहिला असेल. पुष्कळांना ती शोभा वाटते. वस्तुतः ती लिपी आहे. सेइची मियाके नावाच्या जपानी गृहस्थांनी ती घडवली आणि १९६७ साली ओकायामा शहरात ती पहिल्यांदा रस्त्यावर उतरली. तिच्यात अक्षरे दोनच. उंच उठावाच्या लांब रेघा म्हणजे 'या दिशेने पुढे जा'; गोल उठाव म्हणजे 'थांब, पुढे काही आहे' – वळण, उतार, पायरी, रस्ता ओलांडण्याची जागा. दोन अक्षरांत सबंध शहर लिहिता येते, अर्थात लिहिणाऱ्याला ती येत असतील तर.

आमच्या रस्त्यावर ही लिपी आहे. काठीच्या टोकाने ती मुलगी आम्हाला ती वाचून दाखवत होती. "इथे लिहिलंय, सरळ जा." आम्ही पाहिले, सरळ पुढे तीन हातांवर विजेच्या डीपीची पेटी होती. थोड्या पावलांनंतर, "इथे लिहिलंय, थांब." थांबण्यासारखे तिथे काहीही नव्हते, बहुधा रेघांच्या फरशा संपल्या असाव्यात आणि ठिपक्यांच्या उरल्या असाव्यात. एके ठिकाणी रेघा आडव्या बसवलेल्या, म्हणजे त्या वाचकाला सरळ रस्त्यावरच्या वाहनांत नेऊन सोडत होत्या. पुढे पट्टा एका गुलमोहराच्या बुंध्यात शिरत होता आणि पलीकडून, काही घडलेच नाही अशा थाटात, बाहेर पडत होता.

जुन्या पोथ्यांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. भाषा न कळणाऱ्या लेखनिकाने पोथी उतरवली की असे होते. तो अक्षरांचे आकार इमानाने काढतो, ओळी भरतो, समासही सांभाळतो. अर्थाचे काय झाले हे मात्र त्याला कळण्याचे कारण नसते. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहिले ते परक्याला कळू नयेत म्हणून. इथे उलटे घडले आहे. ज्याच्यासाठी लिपी आहे त्यालाच ती फसवते आणि बाकीच्यांना ती लिपी आहे याचाच पत्ता नाही. त्या पट्ट्यावर दुचाकी उभी करणाऱ्याला आपण कुणाच्या तरी वाक्यावर गाडी लावली आहे असे वाटत नाही.

त्या दिवशी आमच्या लक्षात आलेली दुसरी गोष्ट अधिक सामान्य आहे आणि ती डोळस माणसांनाही लागू पडते. लोक फुटपाथवरून चालत नाहीत, शिस्त नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. आम्ही घरून मोजपट्टी नेली. रस्तेबांधणीचे दंडक ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारीविषयक मार्गदर्शिकेप्रमाणे पदपथाची कडा १५ सेंटिमीटरपेक्षा उंच असू नये आणि चालण्यासाठी मोकळी जागा किमान १.८ मीटर असावी. आमच्या रस्त्याची कडा एके ठिकाणी २७ सेंटिमीटर भरली. ही घरातल्या जिन्याच्या दीड पायरीहून अधिक उंची झाली. एवढे चढायचे, आणि पंधरा-वीस पावलांवर एखाद्या सोसायटीचे फाटक आले की उतरायचे, पुन्हा चढायचे. सहाशे पावलांत आम्ही नऊ वेळा चढलो आणि नऊ वेळा उतरलो. गुडघे दुखणारी कोणतीही व्यक्ती तिसऱ्या फाटकानंतर रस्त्यावरूनच चालू लागेल. त्यात शिस्तीचा प्रश्न कुठे आला?

या फाटकांपाशी एक बारीकसा निर्णय दडलेला असतो, आणि एकूणच वाहतूकनियोजनाचे मर्म तिथे आहे असे आम्हाला वाटू लागले आहे. पदपथ आणि मोटारीचा मार्ग एकमेकांना छेदतात तेव्हा कुणी चढायचे-उतरायचे? पदपथ एका पातळीत ठेवून मोटारीने थोडा चढ चढावा, असे करता येते. जगभर केले जाते. मोटारीला इंजिन असते. आपल्याकडे मोटारीसाठी जमीन सपाट राखली जाते आणि पायी चालणारा, मग तो ऐंशी वर्षांचा असो वा काठीवाला, पायऱ्या चढतो-उतरतो. असा आदेश कुणी काढलेला नाही. कंत्राटदाराचा माणूस, मुकादम, अभियंता, फाटकाचा मालक अशा सगळ्यांच्या मनात उतरंड आधीच तयार असते. सिमेंट फक्त तिच्यावर ओतले जाते.

पदपथ ही गोष्ट आपल्या शहरांत मुळातच उशिरा आलेली. पुण्याच्या जुन्या पेठांमधील बोळ पाहावेत. तिथे फुटपाथ नाही, कारण सबंध बोळच चालण्याचा असतो. ओटा, पायरी, दार आणि वाट यांची एकच सलग वस्ती असते. वाहनाला वेग आला आणि त्याला मोकळी जागा हवी झाली तेव्हा माणसाला कडेला सरकवण्यात आले. त्या सरकवलेल्या कडेचे नाव फुटपाथ. आपण ज्याला पादचाऱ्यांसाठी केलेली सोय म्हणतो ती ऐतिहासिकदृष्ट्या पादचाऱ्याने सोडलेल्या जागेची उरलेली पट्टी आहे. मुंबईत फोर्टमधील दादाभाई नौरोजी मार्गावर, म्हणजे जुन्या हॉर्नबी रोडवर, १८९६ सालच्या नियमाने इमारतींच्या तळमजल्याला कमानींखालचा सलग पादचारी मार्ग ठेवणे बंधनकारक केले होते. इमारतींच्या शैली वेगवेगळ्या, पण खालून चालणाऱ्याच्या डोक्यावरची सावली अखंड. वसाहतीच्या राज्यकर्त्यांचे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. पण मुंबईच्या उन्हापावसात माणूस चालतो हे गृहीत धरून केलेला तो नियम होता, आणि पुढल्या सव्वाशे वर्षांत आपण तसे फारसे काही केले नाही, हे म्हणावेच लागते.

पॅट्रिक गेडिस यांचे नाव समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू झाला तो त्यांच्या हाताखाली. साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही त्यांचे भारतीय नगरांवरील अहवाल वाचावेत असे आम्ही सुचवू. दाट वस्तीतून सरळसोट रुंद रस्ता कापून काढणे म्हणजेच सुधारणा, हे त्या काळातील अभियंत्यांचे मत त्यांना मान्य नव्हते. आधी गल्ल्यांतून पायी फिरावे, लोक कुठून जातात, कुठे बसतात, कुठले झाड आणि कुठले देऊळ कुणाचे आहे हे पाहावे, आणि मग लागेल तेवढीच, जपून शस्त्रक्रिया करावी, असा त्यांचा आग्रह. पाठचिकित्सेचेही तत्त्व हेच नव्हे का? संहितेत बदल करण्यापूर्वी ती पूर्ण वाचलेली असावी. पुढे १९६१ साली अमेरिकेत जेन जेकब्ज यांचे गाजलेले पुस्तक आले. त्याची सुरुवातीची तीन प्रकरणे फुटपाथ कशासाठी असतो याच एका प्रश्नावर आहेत, आणि 'जाण्यायेण्यासाठी' हे उत्तर त्यांना अपुरे वाटते. (त्याच वर्षी जुलैमध्ये पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही.)

धोरणांच्या पातळीवर आपण मागे नाही. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण २००६ साली झाले. वाहने हलवण्याऐवजी माणसे हलवणे हे उद्दिष्ट त्यात स्पष्ट आहे. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निर्वेध पदपथ हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले आणि राज्यांना त्यासाठी नियम करण्यास बजावले. या सगळ्याच्या शेजारी एकच आकडा ठेवतो. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. सरासरी काढली तर दररोज नव्वद होतात. आमच्या एम.ए.च्या दोन्ही वर्षांचा पट मिळून तेवढा होत नाही.

उत्तरपत्रिका तपासण्याच्या निमित्ताने पुण्याला जाणे होते तेव्हा आम्ही आवर्जून जंगली महाराज रस्त्याने चालतो. २०१७ च्या सुमारास त्याच्या पदपथाचे रूप बदलू लागले. मोटारींच्या जागेतून काही भाग काढून तो चालणाऱ्यांना दिला, जुनी झाडे जागेवर ठेवून त्यांच्याभोवती बसण्याच्या जागा केल्या. आम्हाला तिथे सर्वांत महत्त्वाची वाटली ती रुंदी नव्हे. तिथे दोन माणसे शेजारी शेजारी चालू शकतात, म्हणजेच बोलत चालू शकतात. आमच्या शहरात दोघे चालायला निघालो की एक पुढे आणि एक मागे, आणि बोलणे मान वळवून, अर्धे वाक्य गिळून. ज्या शहरात शेजारी शेजारी चालता येत नाही तिथे कट्ट्यावरच्या आणि वर्गातल्या चर्चेला जोडणारा जो मधला प्रदेश असतो तो नाहीसा होतो. साहित्याचे निम्मे शिक्षण त्या प्रदेशात होते, असा आमचा अनुभव आहे. अर्थात जंगली महाराज रस्ता हा शहराचा दिवाणखाना आहे. पाहुण्यांना दाखवायची खोली नीट लावणे आणि घर राहण्याजोगे करणे यांत फरक असतो. त्याच रस्त्यावरून नदी ओलांडून पेठांत शिरले की तो कळतो.

त्याच शहरात ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा उंबऱ्या गणपती चौक ते गरुड गणपती चौक हा भाग एक दिवसासाठी वाहनांना बंद केला गेला आणि 'पादचारी दिन' साजरा झाला. पुढील वर्षांतही ती तारीख पाळली गेली. उपक्रम चांगला आहे. लोक रस्त्याच्या मधोमध चालताना काहीसे संकोचलेले दिसतात, मग सैलावतात, आणि मग लहान मुले सुटतात. पण ज्या गोष्टीचा दिन साजरा करावा लागतो तिच्या उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांविषयी मराठीच्या प्राध्यापकांनी काही बोलू नये हेच बरे. २७ फेब्रुवारीला आम्हीही फलक रंगवतो.

मुंबईचा मार्ग याहून वेगळा. २००८ साली वांद्रे स्थानकापासून कलानगरकडे जाणारा पहिला स्कायवॉक खुला झाला आणि मग ठिकठिकाणी त्यांची रांग लागली. खाली गर्दी आहे म्हणून माणसाला वर उचलून ठेवायचे, ही त्यामागची कल्पना. जमीन वाहनांची आणि अधांतर माणसांचे! त्रिशंकूची कथा आपल्याकडे पूर्वीपासून आहे, पण ती कुणी नगररचनेची आज्ञा म्हणून वाचली नव्हती.

आता ज्या मुद्द्यावर आम्हा दोघांत एकमत नाही, त्याकडे यायला हवे. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे, की पदपथ मोकळा हवा म्हणजे मोकळाच हवा; फेरीवाल्यांचा प्रश्न गंभीर आहे, पण त्याचे उत्तर पादचाऱ्याच्या दोन फुटांतून काढता येणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे, की पदपथ मोकळा करण्याच्या मोहिमा नेहमी टोपलीवाल्या बाईपासून सुरू होतात आणि मोटारीपर्यंत कधी पोहोचत नाहीत. दोघांच्याही बाजूने कायदा आहे. ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याची तरतूद केली आणि सर्वेक्षण पूर्ण होण्याआधी कुणालाही हटवू नये असे सांगितले. दोन दुर्बळांना एकाच चिंचोळ्या पट्टीवर आणून एकमेकांविरुद्ध उभे करायचे आणि रुंद रस्ता तिसऱ्याला द्यायचा, अशी ही मांडणी आहे, इथपर्यंत आम्ही दोघे येतो. पुढे वाटा फुटतात.

साहित्याच्या माणसाने या वादात तटस्थतेचा आव आणू नये. आमच्या पिढीतील पुष्कळांची ग्रंथसंग्रहाची सुरुवात फुटपाथवर झाली आहे. फ्लोरा फाउंटनजवळ रचलेल्या पुस्तकांच्या भिंती, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास उकिडवे बसून चाळलेले ढीग, कुण्या अनोळखी प्राध्यापकाच्या समासातील टिपांसह मिळालेली समीक्षेची पुस्तके. ग्रंथालयाने ज्या वेळी ओळखपत्र मागितले त्या वेळी फुटपाथने फक्त वीस रुपये मागितले. ते विक्रेतेही कायद्याच्या भाषेत अतिक्रमणच होते. तेव्हा पुस्तकवाला चालेल आणि भाजीवाली चालणार नाही, असे म्हणण्याची सोय आमच्यापाशी नाही.

या वादात ज्या व्यक्तीचे मत सर्वांत महत्त्वाचे, तिला विचारण्याचे आम्हाला बऱ्याच उशिरा सुचले. ती हसली. महाविद्यालयाच्या फाटकाअलीकडे एक बाई पेरू घेऊन बसते. "त्या मावशी आहेत म्हणून मला कॉलेज सापडतं," ती म्हणाली. "पेरूचा वास येतो, त्यांचा आवाज येतो. त्या जागेवर नसल्या की मी फाटकाच्या पुढे निघून जाते. माणसं वाटेत असली तरी चालतं सर, ती बोलतात. गाड्या बोलत नाहीत." उभ्या केलेल्या दुचाकीला वास नसतो, आवाज नसतो, आणि तिचे हँडल काठीच्या पातळीच्या वर, नेमके बरगडीच्या उंचीवर असते. हे सांगताना तिने उजवी बरगडी हाताने दाखवली.

रस्त्याच्या अभ्यासकांनी यावर उत्तर काढलेले नाही असे नाही. पदपथाचे तीन पट्टे कल्पावेत असे ते सांगतात. दुकानांना लागून एक दर्शनी पट्टा, मध्ये चालण्याचा अखंड मोकळा पट्टा, आणि रस्त्याच्या बाजूला झाडे, खांब, बाक, पेट्या, विक्रेते यांचा पट्टा. पेरूवाली तिसऱ्या पट्ट्यात बसली तर तिचा वास मधल्या पट्ट्यात येतोच. मात्र यासाठी एकूण रुंदी हवी, आणि ती मोटारी उभ्या करण्याच्या जागेतूनच येऊ शकते. म्हणजे पुन्हा उतरंडीशीच येऊन थांबतो.

अरुण कोलटकरांच्या 'काळा घोडा पोएम्स' या इंग्रजी संग्रहाची इथे आठवण होणे अपरिहार्य आहे. २००४ साली, त्यांच्या निधनाच्या वर्षीच, तो प्रसिद्ध झाला. ज्याच्यावरून त्या चौकाला नाव पडले तो अश्वारूढ पुतळा १९६५ मध्येच भायखळ्याच्या बागेत हलवला गेला होता. कवीच्या समोर उरले होते ते मोटारी लावण्याचे आवार आणि एक वाहतूकबेट. वेसाइड इन या उपाहारगृहाच्या खिडकीशी बसून त्यांनी ते वर्षानुवर्षे पाहिले. अभियंत्याच्या नकाशात वाहतूकबेट म्हणजे गाड्यांच्या प्रवाहांना वेगळे करणारी रिकामी जागा. कोलटकरांना तिच्यावर पहाटे एक भटका कुत्रा पडलेला दिसतो आणि त्याच्या नजरेतून सबंध शहर मांडले जाते. कवितेचा अन्वय लावण्याची ही जागा नव्हे. पण आम्ही ही कविता वर्गात वाचली तेव्हा आमच्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न नोंदवावासा वाटतो: "तो कुत्रा तिथपर्यंत रस्ता ओलांडून कसा गेला असेल?" वर्ग हसला. तिने तो विनोदाने विचारला नव्हता.

नोव्हेंबरमध्ये आम्ही एक अर्ज लिहिला. विभागातील सात विद्यार्थी, मोजपट्टी, दोरी, खडू आणि चार रविवार, एवढ्या सामग्रीवर त्या सहाशे पावलांची संहिता सिद्ध केली. अर्जाला जोडलेल्या तक्त्याचे रकाने आम्ही सवयीने पाठभेदांसारखेच पाडले: स्थळ, उपलब्ध पाठ, दोष, सुचवलेला पाठ. एकूण ४१ नोंदी झाल्या. अर्जाच्या मथळ्यात आम्ही 'पादचाऱ्यांच्या वहिवाटीबाबत' असे लिहिले होते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षे अखंड वापर असेल तर वाटेचा हक्क मिळतो, एवढे ऐकून माहीत होते. कायदा शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनी तो मथळा वाचून मान हलवली. ते म्हणाले, "वहिवाट सिद्ध करावी लागते ती दुसऱ्याच्या जमिनीवर. सार्वजनिक रस्ता तुमचाच आहे. तिथे वहिवाट मागता म्हणजे आधीच मालकी सोडल्यासारखे होते." मथळा आम्ही बदलला. शब्द मात्र मनातून गेला नाही. दुसऱ्याच्या जमिनीतून सांभाळून, अंग चोरून जाण्याची जी भावना त्या शब्दात आहे, तीच घेऊन आपण आपल्या रस्त्यांवरून चालतो.

संबंधित कार्यालयातून तरुण अभियंते आले. तक्ता त्यांनी उभ्याउभ्या सगळा वाचला, आमच्याबरोबर आणि तिच्याबरोबर ते चालले, एके ठिकाणी स्वतः डोळे मिटून काठी घेऊन पाहिली आणि काही बोलले नाहीत. शेवटी "चालेल, बघतो," म्हणाले. त्यांच्या 'चालेल'विषयी आम्हाला संशय होता. तो अस्थानी ठरला. जानेवारी अखेरपर्यंत ४१ पैकी १४ नोंदी दुरुस्त झाल्या. आडव्या रेघा सरळ झाल्या, गुलमोहराभोवती ठिपके आले, नऊपैकी पाच फाटकांपाशी उतार झाले. उतार होताच दुचाकी पदपथावर चढू लागल्या. मग खांब रोवले गेले. एक खांब नेमका पिवळ्या पट्टीच्या मधोमध बसला आणि तो आमच्या तक्त्यात ४२वी नोंद म्हणून चढवावा लागला. पुढच्या आठवड्यात तो हातभर बाजूला सरकला. डीपीची पेटी, नोंद क्रमांक १७, दुसऱ्या खात्याची असल्याने जागीच आहे. त्या खात्याला दोन पत्रे गेली आहेत.

बहिःस्थ होण्याचा अर्ज तिने तूर्त भरलेला नाही. दुसऱ्या वर्षाचे पुढे पाहू, असे म्हणते. डीपीपाशी तिला अजूनही चार पावले रस्त्यावर उतरावे लागते. ती पेटी फाटकाच्या अलीकडेच आहे, त्यामुळे त्या चार पावलांच्या वेळी पेरूवाली मावशी टोपली सोडून उठते आणि येणाऱ्या गाड्यांना हात दाखवून उभी राहते. पेरूचा हंगाम मार्चमध्ये संपतो. उन्हाळ्यात ती बाई स्थानकापाशी कलिंगडे घेऊन बसते.